पाळी जाताना नवऱ्याने काय करावं

पाळी जायची वेळ आली की कोल्हापुरात नवऱ्यांची दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. एक, ‘सगळ्याच बायकांचं होतंय, तुझंच काय वेगळं?’ दुसरं, ‘लई त्रास होतोय तर गर्भाची पिशवी काढून टाकू.’ दोन्ही चुकीची, पण दुसरं फार महागात पडतं.

अंगातून वाफा येतात त्या इस्ट्रोजेन या हार्मोनच्या चढउतारामुळे, आणि ते तयार होतं बीजकोशात. त्यामुळे नुसती पिशवी काढून वाफा थांबत नाहीत. सोबत बीजकोशही काढले तर पाळी एका दिवसात जाते, त्रास एकदम अंगावर येतो आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. कॅन्सर, मोठ्या गाठी, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव ही कारणं वेगळी. तरीही सही करण्याआधी ‘बीजकोश ठेवणार का?’ हे विचाराच, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

वाफ छातीतून मानेवर, चेहऱ्यावर चढते. एक ते पाच मिनिटं टिकते, दरदरून घाम फुटतो आणि लगेच थंडी वाजते. रात्री बायको पंखा वाढवते, नवरा उठून कमी करतो, तिथून भांडण सुरू. पंखा तिच्या मर्जीने चालू द्या, तुम्ही जाड चादर घ्या. तिचं पांघरूण सुती आणि वेगळं असू दे. तव्यापुढे वाफ आली तर तिला बाजूला बसवा, उरलेल्या भाकरी तुम्ही भाजा. तांबडा रस्सा बंद करायची गरज नाही, पण तिखट आणि कढत खाण्याने अनेकींच्या वाफा वाढतात. तिलाही तसं होत असेल तर रस्सा रात्रीऐवजी दुपारी करा. झोपमोडीनेच निम्मी चिडचिड होते, तेव्हा त्या वेळी उलट बोलू नका.

जवळ आल्यावर ती मागे सरते, तेव्हा मन उडालं असं धरून चालू नका. बहुतेकदा कोरडेपणामुळे दुखत असतं. मेडिकलमध्ये पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट मिळतं. निरोधसोबत खोबरेल वापरू नका, रबर फाटतं. पुरेसं नसेल तर डॉक्टर इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. आणि गर्भनिरोध लगेच सोडू नका: पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर 2 वर्षं, पन्नाशीनंतर 1 वर्ष.

सलग 12 महिने पाळी नाही आणि मग एक डाग जरी दिसला, तर ‘उष्णतेनं झालं असेल’ म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. सोनोग्राफी लागते, कधी पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. दर तासाला पॅड भिजत असेल तर त्याच दिवशी जा.

जाताना पाळीच्या तारखा, चालू गोळ्या, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का, हे लिहून न्या. हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या की नाही हे त्यावरूनही ठरतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायचं का, तेही विचारा. डॉक्टरांनी प्रश्न तिला विचारला की उत्तर तिलाच देऊ द्या.