जुनी बोलर हॅट ओळखायची तर आधी ती उलटी करा

लंडनमध्ये शुक्रवारी पहाटे बर्मंडसीला आणि शनिवारी पोर्टोबेलो रोडला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. काळी, गोल, ताठ बोलर हॅट तिथे हमखास दिसते. चार्ली चॅप्लिनमुळे आपल्याकडेही ती सगळ्यांच्या ओळखीची. सुट्टीत इकडे येणारे हौसेने एखादी घेतातही, पण घुमटाचा आकार बघून. आकारावरून काळ ठरवू नका, कारण तेच घाट फॅशनमध्ये पुन्हा पुन्हा आले. काळ कळतो तो आतून.

पहिली बोलर १८४९ची. सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या लॉक या दुकानाकडे एडवर्ड कोक यांनी आपल्या शिकारीच्या रानाच्या राखणदारांसाठी ती करवून घेतली. घोड्यावरून जाताना उंच टोप्या फांद्यांना अडकून पडत, म्हणून बुटकी आणि टणक हॅट हवी होती. कोक त्यावर दोनदा पाय देऊन उभे राहिले आणि ती टिकल्यावर १२ शिलिंग मोजून घेऊन गेले, असं लॉकवाले सांगतात. हा टणकपणा येतो चपड्यामुळे, म्हणजे आपल्या लाखेमुळे. सशाच्या केसांच्या फेल्टमध्ये, म्हणजे केस दाबून जमवलेल्या जाड कापडात, लाख जिरवायची आणि ऊब देऊन साच्यावर बसवायची, अशी ती रीत. लाखेचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून, कलकत्ता बंदरातून होई.

आता हॅट उलटी करा. अस्तरावर सोनेरी अक्षरात साल असेल तर थांबा. 'क्रिस्टीज, १७७३' हे कंपनीच्या स्थापनेचं साल आहे, हॅटचं नव्हे. अस्तरावर छापलेल्या, प्रदर्शनात मिळालेल्या पदकांवरच्या सालांचंही तेच. नाव कारखान्याचंच असेल असंही नाही. उत्तर इंग्लंडातल्या स्टॉकपोर्ट आणि डेंटनचे कारखाने दुकानांच्या नावाने माल करून देत. खरा उपयोग पत्त्याचा. लंडनच्या टपाल विभागांना आकडे मिळाले १९१७मध्ये. 'एस. डब्ल्यू. १' (एस. डब्ल्यू. म्हणजे साउथ-वेस्ट, नैऋत्य विभाग) असा पत्ता असेल तर हॅट त्यानंतरची. नुसतं 'एस. डब्ल्यू.' असेल तर बहुधा आधीची, पण दुकानं छापील अस्तरांचा जुना साठा संपवत असणार, म्हणून चार-पाच वर्षं इकडेतिकडे धरावीत. राजघराण्याचा पुरवठादार असलेल्या दुकानाच्या अस्तरावर राजमुद्रा असते, तिच्याखालचा मजकूरही वाचा. जुन्या हॅटवर 'किंग' असेल तर १९०१ ते १९५२ हा काळ. 'क्वीन' असेल तर बहुधा व्हिक्टोरिया किंवा एलिझाबेथ, आणि त्या दोघींतला निवाडा पत्ता करतो.

मग आतला चामडी पट्टा बोटाने अलगद बाहेर उलटा. मागच्या बाजूला, जोडाजवळ, बऱ्याचदा मापाची छोटी कागदी चिठ्ठी सापडते. चामडं करकरलं तर तिथेच थांबा. वाळलेला पट्टा शिवणीवर फाटतो आणि नवा बसवायला हॅटच्या किमतीइतका खर्च येऊ शकतो. चिठ्ठी नसेल तर पट्ट्याच्या आतून टेपने घेर मोजा. ब्रिटिश मापात ५५ सेंमी म्हणजे पावणेसात, ५७ म्हणजे सात, ५९ म्हणजे सव्वासात. अमेरिकन आकडा यापेक्षा १/८ने मोठा असतो. जुन्या हॅट लहान मापाच्याच जास्त मिळतात, ६० सेंमीच्या वरची मिळाली तर जास्त पैसे मोजायला हरकत नाही. बोलर ताणता येत नाही, हे विसरू नका.

बाहेरून तीन गोष्टी बघायच्या. सशाच्या केसांचं फेल्ट घट्ट आणि गुळगुळीत असतं, लोकरीचं खरबरीत आणि मऊसर. कसर लागली असेल तर उजेडात तिरपी धरल्यावर चरल्यासारखे उथळ पट्टे दिसतात. आणि घुमट जिथे काठाला मिळतो तिथली, रिबिनीच्या अगदी कडेची बारीक भेग. लाख तडकली की ती भेग वाढतच जाते. अशी हॅट कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

काठ वाकडा झाला असेल तर किटलीची वाफ देऊन सरळ करायचा सल्ला सर्रास दिला जातो. जुन्या हॅटसाठी तो धोक्याचा आहे. सशाचे केस घट्ट जमावेत म्हणून त्यांना पाऱ्याचं नायट्रेट लावत आणि त्याचा अंश फेल्टमध्ये अजूनही असू शकतो. ऊब मिळाली की पाऱ्याची वाफ होते. अमेरिकेत हा वापर १९४१च्या अखेरीस थांबला. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली हॅट नायट्राइलचे हातमोजे घालून हाताळा आणि वाफेचं काम हॅटवाल्या कारागिरावर सोडा. शिवाय वाफ जास्त झाली तर लाख पृष्ठभागावर येऊन चकाकते, आणि चामडी पट्टा आकसतो तो कायमचा.

कसरीवर उपाय आहे फ्रीझरचा. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर घरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. गार लाख ठिसूळ असते. ब्रश मऊ हवा आणि फिरवायचा घड्याळाच्या उलट दिशेने.

भारतात नेताना हॅट हातसामानात घ्या. आत मोजे किंवा मऊ सुती कापड भरा आणि घुमट खाली करून ठेवा, म्हणजे काठावर भार येत नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते; पुठ्ठ्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, भिंतीपासून दूर कपाटात ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मात्र तासभरही नको, लाख मऊ पडून घुमट बसतो.