बंदीचे ६१ दिवस आणि यादीतलं नाव

आपल्या बंदरांवर कोटा म्हटलं की डिझेलचा कोटा. वर्षाला किती लिटर तेल मंजूर झालं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. अमुक टन पापलेट मारलं की थांबायचं, अशी मर्यादा भारतात समुद्री मासेमारीवर नाही. आपल्याकडे टन मोजत नाहीत, दिवस मोजतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. दोन्हीकडे ६१ दिवस. त्यात जाळ्याच्या आसाचे नियम आणि २०२३ पासून महाराष्ट्रात ५४ जातींच्या मासळीला किमान लांबीची अट.

बंदी हवीच. पावसाच्या तोंडावर मासळी अंड्यावर असते आणि समुद्रही खवळलेला असतो. पण मासळी सगळ्यांसाठी वाचवायची, तर त्या दोन महिन्यांची झळ एकट्या कोळीवाड्याने का सोसायची? त्यासाठी केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत बचत आणि मदतीची तरतूद आहे. तिचा हिशेब असा: १८ ते ६० वयोगटातल्या, आर्थिकदृष्ट्या मागास आणि प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्या माणसाने नऊ महिन्यांत मिळून १,५०० रुपये भरायचे. त्यात केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे असे ३,००० घालतात. झाले ४,५००. ते बंदीच्या किंवा मंदीच्या काळात तीन महिने, महिन्याला १,५०० याप्रमाणे खात्यावर येतात.

सरकारचे ३,००० रुपये ६१ दिवसांवर वाटले तर दिवसाला ४९ रुपये पडतात. तमिळनाडूत राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून बंदीकाळासाठी कुटुंबाला ८,००० देतं, पूर्वी ते ६,००० होते. आपल्या ३,००० ला तुटपुंजं म्हणायला मला संकोच वाटत नाही. नाखव्याचा, म्हणजे नौका मालकाचा, खर्च तर याच काळात वाढतो. नौका ओढून शाकारायची, फळ्यांच्या सांधी भरायच्या, रंग काढायचा, इंजिन उघडायचं, जाळी विणून घ्यायची, आणि ऑगस्टला खलाशी दुसऱ्या नौकेवर जाऊ नये म्हणून त्याला उचल द्यायची.

रक्कम लहान, आणि तीही कागदावर अडते. पहिली अडचण, योजना निम्म्या-निम्म्या वाट्याची आहे. राज्याचा वाटा आणि लाभार्थ्यांची यादी वेळेवर गेली नाही तर केंद्राचाही पैसा हलत नाही. म्हणून यादी घेतली जाते का, हे मच्छीमार सहकारी सोसायटीत आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच विचारा. मे महिन्यात विचारून उपयोग नसतो, कारण तोवर नऊ महिन्यांच्या बचतीचा काळ निघून गेलेला असतो.

दुसरी अडचण नावाची. आधारवर आडनाव तांडेल, सोसायटीच्या रजिस्टरात कोळी, पासबुकात वडिलांचं नाव मधे नाहीच. अशी नोंद छाननीत बाजूला पडते. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसा थेट जमा होण्यासाठी तेच खातं आधारशी मॅप झालेलं, म्हणजे आधार क्रमांकावर येणारा पैसा याच खात्यात टाकायचा अशी नोंद झालेली असणं वेगळं. दोन बँकांत खाती असतील तर पैसा सगळ्यात अलीकडे मॅप केलेल्या खात्यात जातो, आणि माणूस दुसऱ्याच पासबुकात शोधत बसतो. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. तिचा जुना आयएफएससी कोड अजून कुठल्या अर्जावर असेल तर तोही बदला. नौका वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद करा. त्याशिवाय मासेमारी परवान्याचं नूतनीकरण अडतं आणि डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराची प्रतिपूर्तीही.

सगळ्यात जास्त मार खातो तो खलाशी. नौकेला नोंदणी क्रमांक असतो, परवाना असतो. खलाशाकडे काय असतं? क्यार आणि महा वादळांनी २०१९ चा हंगाम बुडवला, तेव्हा राज्याने पुढच्या वर्षी ६५ कोटी १७ लाखांचं पॅकेज दिलं. त्यात नौकांची मदत नौकेचा प्रकार आणि इंजिनाचे सिलिंडर पाहून ठरली होती, आणि मासळी विकणाऱ्या बायकांसाठी ५० लिटरच्या शीतपेट्या होत्या. बायकांची वेगळी दखल घेतली हे चांगलंच झालं. पण मदत नौकेवर मोजली की नौकेवर राबणारा मोजणीत येत नाही.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये २ जुलै १९९२ ला कॉड या माशाची मासेमारी बंद झाली. आठवड्याला २२५ डॉलर देऊ केल्यावर मच्छीमार खवळले आणि ती रक्कम ४०६ डॉलरपर्यंत वाढवावी लागली. तिथे मदत होडीपुरती थांबली नाही. खलाशी आणि मासळी कारखान्यातले कामगारही धरले गेले, पण प्रत्येकाला आधीच्या वर्षांतलं काम आणि कमाई दाखवावी लागली. १९९४ ला आलेल्या १९० कोटी डॉलरच्या पुढच्या योजनेत सुमारे ४० हजार माणसं पात्र ठरली. पैसा पुरला नाही आणि मे १९९९ पर्यंतची मदत ऑगस्ट १९९८ लाच थांबली.

आपल्याकडे खलाशाच्या कामाचा पुरावा रोज तयार होतो आणि रोज हरवतो. नौका निघताना बंदरावर टोकन घेतात, त्यावर तांडेल, म्हणजे नौका चालवणारा, आणि खलाशांची नावं असतात. ते केबिनच्या फळीत खोचलेलं असतं. दोन फेऱ्यांत भिजतं, शाई पसरते, मग त्यानेच हात पुसतात. सुटण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढा, तारीख आणि नावं स्पष्ट दिसतील असा, आणि सगळ्या खलाशांच्या ग्रुपवर टाका. लिलावाच्या पावत्यांचेही फोटो घ्या. पुढे मासळी घटली असं म्हणायची वेळ आली तर गेल्या दोन-तीन हंगामांचे आकडे हातात असायला हवेत.

केंद्राचं मत्स्यव्यवसाय डिजिटल पोर्टल २०२४ पासून सुरू आहे. तिथे खलाशी आणि मासळी विकणारी बाई यांना स्वतःच्या नावाने नोंदणी करता येते, नौका मालकीची असावी लागत नाही. आधारला जोडलेला मोबाइल आणि पासबुक घेऊन सेवा केंद्रात जा. सोसायटीच्या सचिवांनी जुलैत, सगळे घरी असताना, एकाच दिवशी सगळ्यांची नोंदणी करून घ्यावी. परगावचे खलाशी मात्र जूनआधीच गावी जातात, त्यांची नोंद मेमध्येच उरकायला हवी.

गट अपघात विम्यालाही हेच कागद लागतात. हप्ता सरकार भरतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः असेल तर अडीच लाख, रुग्णालयासाठी २५ हजार. माणूस समुद्रात गेला तर तो त्या दिवशी त्या नौकेवर होता हे घरच्यांना सांगावं लागतं, आणि त्यासाठी टोकनाचा तो फोटो किनाऱ्यावरच्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असला पाहिजे. नौकेवरचा मोबाइल नौकेबरोबरच जातो.