राखणदाराला नायक करताना

तिसऱ्या कादंबरीचा पहिला खर्डा हातावेगळा झाला. स्वतःची पुस्तकं स्वतः काढणाऱ्या लेखकांच्या आपल्या या गटात मागची नोंद लिहिली तेव्हा गाडी मध्यावर अडली होती. आता शेवट सापडला आहे आणि तो बदलायचा नाही हेही ठरलं आहे. छपाई, किंडल वगैरे मजकूर पुढे येईलच, पण आज जास्त लिहायचं आहे ते या शेवटाबद्दल. मराठीत भूत आणि प्रेम एकत्र लिहायला बसलेला प्रत्येक जण लवकर-उशिरा इथेच येऊन थांबतो.

प्रणयकादंबरीच्या वाचकाला सुखाचा शेवट लागतो. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेने प्रणयकादंबरीसाठी दोनच अटी सांगितल्या आहेत : प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशा देणारा हवा. पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे भुताखेतांची, अलौकिक पात्रांची प्रेमकथा, ही तिचीच शाखा, त्यामुळे तिलाही या अटी लागू. पाश्चात्त्य कादंबऱ्यांत हे जमून जातं, कारण व्हॅम्पायर अमर असतो आणि नायिकेलाही आपल्यासारखं करून घेऊ शकतो. आपलं भूत तसलं नाही. आपल्याकडे भूत होतं ते काहीतरी राहून गेलं म्हणून. मुंज झाली पण सोडमुंज, म्हणजे मुंजीचं व्रत संपवण्याचा विधी, व्हायच्या आत गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अळवंत. घरात, धनात जीव गुंतून राहिला तो समंध. राहिलेलं पुरं केलं की भूत सुटतं आणि जातं. म्हणजे नायिकेने जीव लावून नायकाची इच्छा पुरी केली, की तो तिच्यासमोरून कायमचा नाहीसा होणार! भूतकथा मुक्ती मागते, प्रणयकथा सहवास मागते, आणि दोघींचं म्हणणं खरं असतं.

पहिल्या कादंबरीत मी भूतकथेची बाजू घेतली. वाड्यातला समंध शेवटी सुटतो, नायिका कुलूप लावून रस्त्यावर येते. वाचकांचे निरोप दोन टोकांचे आले. कुणी रडलं, कुणी रागावलं, की एवढी पानं वाचून घेतलीत ती यासाठी का? तो शेवट मला आजही आवडतो, पण ती प्रणयकादंबरी नव्हे, गूढकथा आहे, आणि पुढच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मी तसंच छापणार आहे. दुसरीत पुनर्जन्म घेतला. तो मार्ग चालतो, वाचकाला पाठ आहे, पण नायिकेने ज्याच्यावर प्रेम केलं तो माणूस आणि नव्याने जन्मलेला माणूस यांच्यातली फट मला शेवटपर्यंत बुजवता आली नाही असं माझ्याच एका चोखंदळ वाचक मैत्रिणीचं मत आहे, आणि ते मला पटतं.

तिसराही एक मार्ग असतो. जिवंत असलेल्याने मरून दुसऱ्याकडे जायचं. तो मी लिहिणार नाही. नायिकेने विहिरीत उडी घेतली आणि पलीकडे प्रियकर हात पुढे करून उभा, असलं चित्र सुखाचा शेवट म्हणून छापायला माझा हात धजत नाही. आपल्या वाचकांत कोवळ्या वयाच्या मुली पुष्कळ आहेत, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

मग राखणदार सापडला. सापडला म्हणजे काय, माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं, तो होताच. तळकोकणात आणि गोव्यात गावाला राखणदार असतो, कुठे त्याला देवचार म्हणतात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री शिवेवरून फिरतो, चुकलेल्याला वाट दाखवतो, उशीर झालेल्याला घरापर्यंत सोबत करतो. आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देव रात्री गावात फेरी मारतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. लहानपणी त्या चपला पाहिल्या होत्या तेव्हा भीती वाटली नव्हती, हे मला लिहिताना आठवलं. तिथेच या नायकाचा स्वभाव ठरला. त्याची इच्छा राहून गेलेली नाही, त्याच्यावर काम सोपवलेलं आहे. सुटका मागायला तो आलेला नाही, त्यामुळे प्रेम मिळाल्यावर त्याने जायचं कारण उरत नाही. मुक्तीचा पेच एका दमात सुटला.

त्या जागी दुसरा आला, आणि माझ्या मते प्रणयकादंबरीला तोच जास्त शोभतो. राखणदार शीव ओलांडू शकत नाही. गाव संपलं की त्याचं चालणं संपलं. खर्ड्यात तो एका ठिकाणी म्हणतो, “शिवेभायर माजा काय चलना नाय गो.” हे वाक्य लिहिलं आणि कादंबरीचा कणा हाती लागला.

आता साहजिक शेवट असा की नायिका शहरातली नोकरी सोडून गावात येते. मला तो नको होता. प्रेमासाठी आपलं घर, काम, ओळख सोडून बाईनेच दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन राहायचं, हे तर आपल्याकडे भुताशिवायही रोज घडतं. म्हणून मी नायिकेचं कामच हद्दीचं केलं. ती भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. जमिनी मोजते, हद्दीच्या खुणा दाखवते, ‘क’ प्रत म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत देते. तालुक्यात बदली होऊन आलेली आहे आणि गावाच्या शिवेबाहेर, अगदी लागून असलेल्या घरात भाड्याने राहते. रात्री तो शिवेच्या दगडापर्यंत येतो, ती ओटीवर उभी असते. दोघांमध्ये हाकेचं अंतर आणि एक दगड.

या खात्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला जुनी टिपणं, म्हणजे पूर्वीच्या मोजणीच्या नोंदी, कशी वाचायची ते बसवून शिकवलं. ३३ फुटांची साखळी, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळी-आण्यांत मांडलेली मापं, बांधाचे कोपरे, खुणेच्या दगडांच्या नोंदी. आता उपग्रहावर चालणारा रोव्हर घेऊन मोजणी होते, पण भांडण पडलं की हात जुन्या टिपणाकडेच जातो. शेवट त्यातूनच आला. फोडते आहे, कारण आपण इथे कसब बोलायला जमतो. जमिनींचे व्यवहार करणाऱ्या एका माणसाने काही वर्षांपूर्वी शिवेचा दगड आत सरकवलेला असतो. नायिका जुनं टिपण आणि नवी मोजणी ताडून पाहते, आणि खरी शीव तिच्या घराच्या पलीकडून जाते हे कागदावर सिद्ध करते. ज्या रात्री दगड मूळ जागी परत बसतो, त्या रात्री राखणदार तिच्या अंगणात पाऊल टाकतो. कुणी मरत नाही, कुणी काही सोडत नाही, आणि अडथळा दूर होतो तो तिच्या स्वतःच्या कामाने. हे जुळलं तेव्हा मी उठून घरभर फेऱ्या मारल्या.

स्पर्शाचा प्रश्न राहतो. या प्रकारात लिहिणाऱ्या सगळ्यांना सांगावंसं वाटतं की स्पर्शाचा नियम पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच ठरवा आणि मग तो कधीही मोडू नका. माझा नियम घोंगडीचा आहे. घोंगडीआडून तो हाताला लागतो, घोंगडी नसेल तर नुसता वारा. हा भाग माझ्या कल्पनेतला आहे, लोकसमजुतीतला नाही. पण या एका नियमामुळे प्रणयप्रसंग आपोआप संयत झाले आणि त्यांची धगही वाढली. एक घोंगडी, एक बाई, बाहेर आषाढातला पाऊस. याहून अधिक वर्णन लागलंच नाही.

संदर्भासाठी या वेळी ब्रिटिश अधिकारी एन्थोव्हेन यांचं कोकणातल्या लोकसमजुतींवरचं इंग्रजी पुस्तक नीट वाचलं. ते १९१५ साली निघालं. त्यातली मूळ सामग्री जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून जमवलेली. १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातलेले ते हेच कलेक्टर जॅक्सन. भुतांची इतकी भरगच्च यादी दुसरीकडे मिळणं कठीण : वेताळ, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, चेडा, जखीण, लाव. पण ती यादी डोळे उघडे ठेवून वाचावी लागते. कोणतं भूत कोणत्या जातीच्या माणसाचं, हे त्यात सरळ लिहिलं आहे. जिवंतपणीची उतरंड मेल्यावरही सुटत नाही. आणि बायकांची भुतं पाहा. बाळंतीण, विधवा, सवाष्ण, प्रत्येकीची ओळख नवरा आणि मूल यांच्यावरून. आपण यातलं भूत उचलतो तेव्हा त्याच्यामागचं हे सगळं उचलतो. त्याला कादंबरीत उत्तर द्यायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं, पण न पाहता उचलू नये असं मला ठामपणे वाटतं.

याच कारणाने माझ्या तिन्ही पुस्तकांत मांत्रिक किंवा भगत तारणहार म्हणून येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे. कथेतल्या भुतावर जीव जडावा म्हणून मी लिहिते, झाडाला बांधलेल्या बाईच्या पाठीवरच्या वळांना त्यातून आधार मिळू नये. देवाला लावलेला कौल, त्याच्यापुढे घातलेलं गाऱ्हाणं आणि त्याला गावाने दिलेला ‘व्हय म्हाराजा’ हा होकार मात्र भरपूर आहे, कारण ते गावाचं बोलणं आहे.

आता बाकीची प्रगती, थोडक्यात.

पहिला निम्मा भाग प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या मंचावर क्रमशः जाईल. भागाच्या शेवटी थांबवण्याची सवय तिथेच लागते, आणि वाचक कुठे गळतात तेही दिसतं. किंडलवर पुस्तक टाकताना ते भाग काढावे लागतील. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर केडीपी (किंडलवर स्वतः पुस्तक काढण्याची ॲमेझॉनची सेवा) हिच्या ‘सिलेक्ट’ योजनेत नाव घालावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. आणि सिलेक्टमध्ये एका वेळी ९० दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. छापील पुस्तकाला ही अट नाही. शोधशब्दांसाठी सात चौकटी मिळतात. त्यांतल्या दोन-तीन तरी रोमन लिपीत भरा, कारण मराठी वाचक शोधताना बहुधा इंग्रजी कळफलकावरच टाइप करतो.

अक्षरजुळणी या वेळी सुरुवातीपासून युनिकोडमध्ये आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत टंक (फाँट) घेतला आहे, त्यातले ल आणि श मराठी वळणाचे आहेत. ई-पुस्तकाच्या फायलीत भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका. भाषा हिंदी राहिली तर काही टंकांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाची उमटतात. आणि प्रूफ वाचताना ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘बिऱ्हाड’ हे शब्द मुद्दाम शोधून पाहा. जुन्या टंकातून मजकूर बदलून घेतला असेल तर घोळ नेमका तिथे असतो.

छापील आवृत्ती डेमी आकारात. फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच, १६ पानांचा, म्हणून पानं १९२ मध्ये बसवते आहे, म्हणजे बारा फॉर्म पुरे होतात. आधी डिजिटलवर थोड्या प्रती, मागणी दिसली तरच ऑफसेट. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका. एक गोष्ट मात्र आपल्यातले बरेच जण करत नाहीत. आपण स्वतः प्रकाशक आहोत, म्हणून १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रत पाठवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मला तर ती पार्सलं बांधताना फार बरं वाटतं. शंभर वर्षांनी कुणाला वेंगुर्ल्याच्या देवचाराची प्रेमकथा वाचायची झाली, तर ती कुठेतरी असेल.

मुखपृष्ठावर कवटी, रक्त, पांढरी साडी यांतलं काही नको असं चित्रकाराला सांगितलं आहे. पहिल्या रेखाटनात शिवेचा दगड, त्यावर शेंदूर, आणि मागे मोजणीचा तिपाई स्टँड आहे. प्रणयाची खूण अजून दिसत नाही. घोंगडी कुठेतरी यायला हवी, ती कशी आणायची यावर बोलणी चालू आहेत.

पुढचा टप्पा दुसरा खर्डा. राखणदाराचं बोलणं सगळं मालवणीत आहे, निवेदन प्रमाण मराठीत. मालवणी घरात बोलणारे दोन-तीन वाचक मिळाले तर हवे आहेत, खासकरून वेंगुर्ला-सावंतवाडीकडचे, कारण कणकवली-मालवणकडची काही रूपं माझ्या संवादांत शिरली असावीत असा संशय आहे. आणि एखादा विदर्भातला किंवा मराठवाड्यातला वाचकही हवा, ज्याने मालवणी कधी ऐकलेली नाही. त्याला राखणदाराचं बोलणं कुठे अडतं तेवढं त्याने पेन्सिलीने खुणावून द्यावं. प्रती मी पोस्टाने पाठवीन.