पीएच-रिस्पॉन्सिव्ह नॅनोपार्टिकलचा रिलीज स्टडी : माझा अनुभव

एम.फार्म.च्या थिसिससाठी कायटोसान आणि करक्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य, इथे तेच औषध) घेणारं कोणी ना कोणी दरवर्षी असतंच, मीपण तेच घेतलं होतं, म्हणून जे आत्ता सुरू करतायत त्यांच्यासाठी लिहितेय.

आयडिया अशी की औषध कायटोसानच्या अतिसूक्ष्म कणांत (नॅनोपार्टिकल) भरायचं. रक्ताचा पीएच (जितका कमी तितकं जास्त ॲसिडिक) 7.4, कॅन्सरच्या गाठीभोवती तो थोडा ॲसिडिक म्हणजे साधारण 6.5 ते 6.8, आणि पेशीने कण आत ओढून घेतला की तिथे अजून उतरत 5 च्या आसपास. कायटोसान (कोळंबीच्या सालांपासून काढतात ते) ॲसिडमध्ये प्रोटॉन घेतं, त्याच्या साखळ्या एकमेकींना ढकलतात, कण फुगतो आणि औषध बाहेर पडतं. म्हणजे रक्तात धरून ठेवायचं आणि गाठीत सोडायचं.

कण बनवणं तसं अवघड नाही. 1% ॲसिटिक ॲसिडमध्ये कायटोसान रात्रभर स्टररवर ठेवायचं, फिल्टर करायचं, करक्युमिन थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून त्यात घालायचं आणि मग टीपीपीचं (कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना बांधून कण बनवणारं मीठ) सोल्यूशन थेंब थेंब सोडायचं. थोडी दुधाळ निळसर झाक आली की थांबायचं, त्यापुढे गेलात तर गुठळ्या होऊन खाली बसतात. साइज आणि झेटा (कणावरच्या विद्युतभाराचं माप) कॉलेजमध्येच झालं, टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कण बघायला) सॅम्पल पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात दिलं.

खरं काम रिलीज स्टडीत आहे, म्हणजे कणातून औषध किती वेळात किती बाहेर पडतं ते मोजण्यात. डायलिसिस बॅगेत (कण आत अडवते पण सुटलेलं औषध बाहेर जाऊ देते अशी पातळ पिशवी) कण भरायचे, एक बॅग 7.4 च्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), दुसरी 5.0 च्या, 37 डिग्रीला शेकरवर, ठरलेल्या वेळी सॅम्पल काढायचं आणि तेवढंच ताजं बफर परत टाकायचं. पहिल्याच ग्राफमध्ये 5.0 ची लाइन वर आणि 7.4 ची खाली एकदम सपाट, अगदी पेपरात असते तशी. लॅबमधले सगळे म्हणाले झालं की तुझं, लिही आता.

पण गाइड मॅडमनी सुरुवातीपासूनच बजावलं होतं की कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) सोबतच लावायचा, म्हणून शेजारी एका फ्लास्कमध्ये 7.4 च्याच बफरमध्ये नुसतं करक्युमिन ठेवलं होतं, कण नाही, बॅग नाही. त्याचा पिवळा रंग डोळ्यांदेखत उतरला. करक्युमिन 7.4 च्या साध्या फॉस्फेट बफरमध्ये टिकतच नाही, 1997 च्या एका अभ्यासात 7.2 पीएचलाच अर्ध्या तासात जवळजवळ 90% नष्ट झालेलं दाखवलंय. आपण मोजतो ते करक्युमिनचा पिवळा रंग 425 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश किती शोषतो त्यावरून, म्हणजे जे तुटलं ते मशीनला दिसतच नाही आणि ग्राफवर ते "कणाने धरून ठेवलं" असं वाटतं! मग बॅगेत शेवटी उरलेलं करक्युमिन इथेनॉलने काढून मोजलं, बाहेर आलेलं आणि आत उरलेलं मिळवलं, तर 5.0 ला हिशोब लागत होता आणि 7.4 ला बराच माल गायब. मला हे फार लागलं, कारण हे औषध उद्या कोणाच्या तरी शिरेत जायचं म्हणून आपण करतोय ना, रक्तात सुरक्षित राहतं असं लिहायचं आणि प्रत्यक्षात ते तिथेच संपत असेल तर त्या ग्राफला काय अर्थ आहे.

मग दोन्ही बफरमध्ये सारखंच ट्वीन 80 घातलं (साबणासारखं विरघळायला मदत करतं; करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते तसंही लागतंच) आणि एस्कॉर्बिक ॲसिड (व्हिटॅमिन सी) घातलं, त्याने तुटणं बरंच कमी होतं. एस्कॉर्बिक टाकलं की पीएच खाली येतो हं, तो परत 7.4 वर आणूनच बॅग सोडा. फ्लास्कना फॉइल गुंडाळा, उजेडानेही करक्युमिन जातं. आणि नुसत्या करक्युमिनची एक बॅग दोन्ही पीएचला लावा, म्हणजे बॅगेमुळे किती उशीर होतो आणि कणामुळे किती ते वेगळं कळतं.

नवीन ग्राफमध्ये दोन लाइनींमधलं अंतर पहिल्यापेक्षा कमी झालं पण राहिलं, आणि यावेळी दोन्हीकडचा हिशोब शंभराच्या जवळ लागला. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न विचारला की 7.4 ला रिलीज कमी कशावरून, औषध तुटलं नाही कशावरून, तेव्हा मी थेट मास बॅलन्सचं (बाहेर आलेलं अधिक आत उरलेलं, हा हिशोब) टेबल उघडून समोर ठेवलं, मग पुढचं सगळं बोलणं 6.5 च्या बफरवर झालं. गाठीच्या बाहेरचा पीएच तोच आहे, तिथे माझे कण फारसे उघडत नाहीत, आणि त्यावर आता ज्युनिअर काम करतेय.