‘टोकियो नागारेमोनो’ मराठीत: सबटायटल्सच्या कामाची तिसरी नोंद

मागच्या नोंदीला सात आठवडे झाले. तेव्हा 712 पैकी 390 ओळी लावून झाल्या होत्या, आज 671 झाल्यात. उरलेल्या 41 ओळी शेवटच्या पांढऱ्या नाइटक्लबमधल्या आहेत. तिथे अर्थ अडलेला नाही, जागा अडली आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: सेइजुन सुझुकींचा 1966 सालचा हा याकुझा, म्हणजे जपानी गुंडटोळ्यांचा, चित्रपट, निक्कात्सु स्टुडिओचा, जेमतेम 83 मिनिटांचा. डिस्क मी विकत घेतलेली आहे आणि काम फक्त सबटायटल्सच्या वेगळ्या फाइलवर चाललंय. इंग्रजी सबटायटल्स बंद ठेवून, जपानी ऐकून थेट मराठी. वाक्य कानाला लागलं नाही तर पुन्हा ऐकायचं. एक वाक्य मी परवा तीस-पस्तीस वेळा ऐकलं असेल. तेत्सुया वातारीने केलेला नायक तेत्सु ओठ फार हलवत नाही.

आधी चुकीची कबुली. पहिल्या भागाचं टायमिंग मी एका जुन्या युरोपियन डीव्हीडीवर केलं होतं. तिथला चित्रपट सेकंदाला 25 फ्रेमने पळतो, नव्या ब्लू-रेवर 23.976 ने. सुरुवातीला फरक कळतच नाही, पण शेवटापर्यंत तो जवळजवळ साडेतीन मिनिटांवर जातो. तेत्सु बर्फात चालतोय आणि खाली आधीच पुढच्या शहरातली बाचाबाची. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून घेतला, मग प्रत्येक ओळ हाताने तपासली. दोन रविवार गेले.

आता आवडीचा भाग. याकुझा चित्रपटांत धाकटा थोरल्याला ‘आनिकी’ म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. इंग्रजीत याचं बहुतेक वेळा नुसतं नाव होतं किंवा ‘बॉस’. आपल्याकडे ‘दादा’ तयार बसलेला आहे. त्यात भाऊही आहे, आदरही आहे आणि गल्लीतली दहशतही. टोळीच्या प्रमुखाला म्हणतात ‘ओयाबुन’. त्यातला ‘ओया’ म्हणजे आई-बाप, आणि त्याच्या हाताखालचा तो ‘कोबुन’, त्यातला ‘को’ म्हणजे लेकरू. मी आधी ‘साहेब’ लावून पाहिलं, ते कचेरीतलं वाटलं. ‘भाई’ लावलं तर डोळ्यांपुढे मुंबईचे हिंदी चित्रपट उभे राहिले. शेवटी ‘आबा’ धरलं. तेत्सु आपल्या ओयाबुनसाठी, कुरातासाठी, टोकियो सोडतो, आणि ज्याच्यासाठी सोडलं तिथूनच त्याला दगा होतो. ‘आबा’ या हाकेनंतर तो दगा घरातला होतो. ‘साहेब’ने तो झाला नसता.

दुसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा जाणवली. जपानीत बाईचं बोलणं वाक्याच्या शेवटावरून ओळखू येतं. इंग्रजीत ते पुसलं जातं. तेत्सुची प्रेयसी चिहारू बोलते तेव्हा मराठीत ‘मी थांबते’ लिहिलं की काम झालं, वेगळं काही करावं लागत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की हे चित्रपट मराठीत इंग्रजीवरून आणू नयेत. जे वाटेत सांडलेलं असतं ते परत भरता येत नाही, आणि आपल्या भाषेत ते ठेवायला भांडी आहेत.

टोपणनावांनी मजा आणली. तेत्सु हा ‘फुशिचो नो तेत्सु’, म्हणजे न मरणारा पक्षी. फिनिक्स मराठी वाचकाला माहीत आहे, तो तसाच ठेवला. त्याच्या मागावरचा मारेकरी ‘मामुशी नो तात्सु’. मामुशी हा जपानमधला विषारी साप, आखूड, जाडसर, त्रिकोणी डोक्याचा. मी ‘नाग’ लिहून पुढे गेलो होतो. आईला फोटो दाखवला. तिचं माहेर रत्नागिरीकडचं. ती म्हणाली, ‘‘हा कसला नाग? नाग फणा काढतो, निदान सांगतो तरी. हे फुरसं आहे. पाचोळ्यात पडून असतं, दिसतच नाही.’’ दोन्ही साप घोणसाच्या कुळातले असले तरी एक नव्हेत, हे मला माहीत आहे. पण कोकणातल्या माणसाच्या मनात फुरशाची जी जागा आहे तीच मामुशीची जपानी खेड्यात. ‘फुरसं तात्सु’ कायम झालं.

‘नागारेमोनो’वर मात्र महिना गेला. ‘नागारेरु’ म्हणजे वाहणं, त्यावरून ठावठिकाणा नसलेला, वाहत गेलेला माणूस. ‘भटक्या’ म्हटलं की आपल्याकडे भटक्या-विमुक्तांचा सगळा इतिहास मागे उभा राहतो, तो इथे ओढणं बरोबर नाही. ‘मुशाफिर’ फार गोड, त्याला कुणी हाकललेलं नसतं. ‘परागंदा’ हा शब्द एका रात्री आठवला आणि मी उठून लिहून ठेवला. मुलूख सोडावा लागलेला, मागे फिरायची सोय न उरलेला. शीर्षक आता ‘टोकियोचा परागंदा’. चित्रपटाच्या शीर्षकगीतात मात्र तो चालीवर बसत नाही. तिथे ‘वाहत आलो’ घेतलंय, आणि चित्रपटात ते गाणं इतक्यांदा येतं की दोन्ही शब्द प्रेक्षकाच्या मनात आपोआप जोडले जातील असं वाटतं.

मागच्या वेळी एकाने विचारलं होतं की याच दिग्दर्शकावर एवढा जीव का. या चित्रपटानंतर वर्षभराने सुझुकींनी ‘कोरोशी नो राकुइन’ केला आणि 1968 मध्ये निक्कात्सुचे अध्यक्ष क्युसाकु होरी यांनी त्यांना काढून टाकलं. तक्रार अशी की यांचे चित्रपट कळत नाहीत आणि पैसे मिळवत नाहीत. त्याच सुमारास काझुको कावाकिता यांच्या सिने क्लबने सुझुकींचे चित्रपट ओळीने दाखवायचं ठरवलं होतं. स्टुडिओने प्रिंट द्यायला नकार दिला. सुझुकी कोर्टात गेले, विद्यार्थी आणि प्रेक्षक रस्त्यावर उतरले. 1971 च्या डिसेंबरात तडजोड झाली: दहा लाख येन, आणि दोन चित्रपट टोकियोच्या फिल्म सेंटरला. पण एवढ्यावर मोठ्या स्टुडिओंची दारं उघडली नाहीत. पुढचा चित्रपट मिळेपर्यंत 1977 उजाडलं. 1980 चा ‘त्सिगोइनरवाइझेन’ तर निर्माते गेंजिरो आरातो यांनी हवा भरलेल्या तंबूत दाखवला, कारण थिएटरवाले घेईनात.

बाहेरच्या देशांत नाव झालं ते त्याहून उशिरा. 1991 मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवाने मोठा कार्यक्रम केला, 1999 मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने दोन चित्रपट डीव्हीडीवर आणले. त्याच वर्षी अमेरिकी दिग्दर्शक जिम जार्मुशने ‘घोस्ट डॉग’मध्ये बेसिनच्या पाइपमधून गोळी झाडण्याचा प्रसंग ‘कोरोशी नो राकुइन’वरून उचलून त्यांना सलाम केला. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी हट्टाने फिल्मचा डबा उचलून पुढे नेलाय. ही फाइल मी त्याच रांगेतली समजतो.

तर, पांढरा क्लब. कलादिग्दर्शक ताकेओ किमुरा. शेवटचा सेट जवळजवळ रिकामा: पांढऱ्या भिंती, खांब, पियानो, मधोमध कड्यासारखं एक शिल्प, आणि प्रकाश बदलला की सगळी खोलीच बदलते. त्यावर पांढरी अक्षरं दिसत नाहीत. पिवळी दिसतात, पण ज्या माणसाने काळ्या-पांढऱ्या सुरुवातीत एकच लाल ठिपका ठेवलाय त्याच्या चौकटीत मी माझा पिवळा घालणार नाही. काळी जाड किनार लावली तर जोडाक्षरांची पोटं बुजतात, ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच दिसतात.

मग चित्राखालच्या काळ्या पट्टीत ओळी उतरवल्या. चित्र रुंद आहे, त्यामुळे 1080 ठिपके उंचीच्या पडद्यावर ते साधारण 800 घेतं आणि खाली जेमतेम 140 उरतात. रोमन लिपीच्या दोन ओळी तिथे बसतात. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे दुसऱ्या ओळीचे उकार पडद्याबाहेर जातात. अक्षर लहान केलं तर मागच्या खुर्चीवरून वाचता येत नाही. म्हणजे या भागात एकच ओळ. एसआरटी या साध्या सबटायटल-फाइलीत जागा धरून ठेवता येत नाही, म्हणून हा भाग एएसएस या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत हलवलाय, फाँट मुक्त परवान्याचा. आणि 41 संवाद पुन्हा लिहितोय, प्रत्येकी सहा-सात शब्दांत. याने नुकसान होईल वाटलं होतं, पण तेत्सु मुळात कमीच बोलतो. ‘‘मी आता कुणाचा माणूस नाही’’ चं ‘‘मी कुणाचा नाही’’ झालं आणि ते जास्त खरं वाटलं.

काल पहिले तीन भाग आईला दाखवले. ती दोन ठिकाणी म्हणाली, ‘‘थांब, वाचून झालं नाही.’’ त्या ओळी टिपल्या आहेत, क्रमांक 118 आणि 402, दोन्ही छाटतो. बर्फातल्या रुळांवर फुरसं तात्सु समोर आला, मागून गाडी आली, तेव्हा ती काही बोलली नाही. भाग संपल्यावर विचारलं, ‘‘तो पोरगा आबाकडे परत जातो का रे?’’

उत्तर त्या 41 ओळींत आहे. महिनाअखेरीस करून देतो म्हणालोय.