"गोळी घेतलीस का?"

आज आमच्या पुनर्वसन केंद्रात रुग्ण आणि नातेवाईक यांना एकत्र बसवून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या 'देवराई' या चित्रपटातील काही प्रसंग दाखवले. स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार झालेला शेष आणि त्याला सांभाळताना दमून जाणारी बहीण यांना पाहून नातेवाईकांना बोलावेसे वाटेल, असा माझा अंदाज होता. ते गप्पच राहिले आणि बोलू लागले ते रुग्ण.

खरे काम त्यानंतर झाले. मनोविकारतज्ज्ञ मोरेनो यांच्या सायकोड्रामात, म्हणजे नाट्यातून करायच्या मानसोपचारात, भूमिकांची अदलाबदल करतात, तशी करून पाहावी म्हणून एका तरुणाला वडील केले आणि त्याच्या वडिलांना मुलगा. त्याने पाण्याचा स्टीलचा पेला पुढे धरून, हुबेहूब वडिलांच्या सुरात, "गोळी घेतलीस का? तोंड उघड बघू," असे तीनदा म्हटले. वडिलांनी पेला खाली ठेवला.

"मी असा बोलतो?"

"रोज. सकाळी नि रात्री."

सगळे हसले, वडीलही.

नाटकाने आजार जात नाही, गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात, हे मी दर वेळी आधीच सांगून टाकते (चमत्काराची आशा नातेवाईकांनाच अधिक असते). निघताना त्या वडिलांनी विचारले, की पुढच्या गुरुवारी हाच प्रसंग पुन्हा करता येईल का; मात्र तेव्हा पेला ते स्वतः धरणार आहेत.