डिस्चार्ज कार्ड नसलेलं आजारपण

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, मला कोरोना झाला. ऑक्सिजन ९५ च्या खाली उतरला नाही म्हणून घरीच राहिले. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांतली आतली खोली मला दिली, सासूबाई दाराशी ताट ठेवून जायच्या. महापालिकेच्या वॉर्ड वॉर रूममधून चौकशीचे फोन यायचे, तेही थांबले. घरच्या घरी निभावलं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला, ज्याला आता लाँग कोविड म्हणतात तो. करी रोड स्टेशनचा जिना चढल्यावर छाती धडधडायची, ते एकवेळ समजण्यासारखं होतं. पण ओट्याशी उभं राहून चार पोळ्या लाटल्या तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. फोडणीतल्या कांद्याला जळक्या रबराचा वास यायचा. ऑफिसात व्हाउचर लिहिताना मधलाच आकडा सुटायचा. आणि दमणूक त्या दिवशी यायचीच नाही. रविवारी कपाटं आवरली तर सोमवार बरा जायचा आणि मंगळवारी अंथरुणातून उठवायचं नाही. त्यामुळे कशाने काय होतंय याचा मेळच लागेना.

हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी एको, सगळं झालं. या तपासण्या करायलाच हव्यात, थकव्यामागे साधा ॲनिमियाही निघू शकतो. माझे रिपोर्ट नॉर्मल आले. "आता मनाला लावून घेऊ नका," असं मला सांगण्यात आलं. पुढे जाईन तिथे पहिला प्रश्न एकच: ॲडमिट झाला होतात का? आमच्या मेडिक्लेमला २४ तास ॲडमिट असल्याचा कागद लागत होता. रजेच्या अर्जाला ऑफिसने डिस्चार्ज कार्ड मागितलं. घरी आजारी पडलेल्या माणसाकडे ते कुठून येणार? एका फिजिओथेरपिस्टने रोज चालणं थोडं थोडं वाढवत न्यायला सांगितलं. मी नेमाने वाढवलं आणि आठवडाभर झोपून राहिले. याचा मला आजही राग आहे, कारण श्रमानंतर उशिरा त्रास वाढत असेल तर असा ठरावीक वाढता व्यायाम घातक ठरू शकतो. तशाच लक्षणांच्या एमई-सीएफएस या दीर्घ थकव्याच्या जुन्या आजारासाठी ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत तो देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय.

मार्ग सापडला तो महापालिकेच्या रुग्णालयातल्या पोस्ट-कोविड ओपीडीत. केसपेपरची रांग लांब होती, पण आतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ॲडमिट झाला होतात का हे विचारलंच नाही. "उभं राहिल्यावर काय होतं, ताई?" असं विचारलं. मला दहा मिनिटं आडवं केलं, नाडी आणि बीपी घेतलं. मग भिंतीला टेकून उभं केलं, पावलं भिंतीपासून थोडी पुढे. बोलायचं नाही, हलायचं नाही. दर मिनिटाला त्या आकडा लिहीत गेल्या. झोपून ७८ असलेली नाडी दहा मिनिटांच्या आत ११८ वर गेली, बीपी मात्र जागेवर. माझी पावलं जांभळट झाली होती. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. मोठ्या माणसात उभं राहिल्यावर बीपी न उतरता नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढली, तीही टिकून राहिली आणि असा त्रास महिनोन्‌महिने असला, तर त्याला पॉट्स म्हणतात. झोपवून काढलेल्या ईसीजीत हे दिसणार कसं? त्या कागदाकडे बघून मला रडू फुटलं. यजमान बाहेर बसले होते, आत येऊन म्हणाले, "अगं, काय निघालं?" मी म्हटलं, "अहो, निघालं एकदाचं."

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेली लाँग कोविडची व्याख्या डॉक्टरांनीच समजावली: लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी लक्षणं असावीत, किमान दोन महिने टिकावीत आणि त्यांना दुसरं कारण नसावं. त्यात हॉस्पिटलची अट नाही. लागणीची नुसती दाट शक्यता असली तरी चालते, म्हणजे ज्यांची आरटीपीसीआर राहून गेली तेही त्यात बसतात. माझ्या दाखल्यावर त्यांनी निदानासोबत यू०९.९ हा कोविडनंतरच्या आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड घातला. त्या कागदावर ऑफिसने मला गर्दीची वेळ टाळून यायची परवानगी दिली आणि काउंटरवर बसायला उंच स्टूल दिलं. डिस्चार्ज कार्ड पुन्हा कोणी मागितलं नाही.

उपचार साधेच होते. बीपी जास्त नव्हतं म्हणून डॉक्टरांनी पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं. ज्यांना बीपी किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी हे मनाने करू नये. पायांत घट्ट मोजे, नाडीसाठी छोट्या डोसची गोळी. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे दमण्याआधी थांबणं. आमच्याकडे बाईने दुपारी आडवं व्हायचं तर ताप तरी हवा! सासूबाईंना मी त्या आकड्यांचा कागद वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीघरात पाट सरकवला, पोळपाट जमिनीवर घेतला आणि म्हणाल्या, "बसून लाट."

रोज काय केलं आणि दोन दिवसांनी कसं वाटलं, हे वहीत लिहायला लागले तेव्हा रविवार-मंगळवारचं गणित उलगडलं. ओपीडीत जाताना तोंडी सांगण्यापेक्षा ती वही पुढे केलेली बरी. मेंदूवर धुकं असताना निम्मं सांगायचं राहतं.

कांद्याचा वास आता पूर्ववत आहे. नाडीही बरीच आवरली. जिना मात्र मी अजून मध्ये थांबूनच चढते आणि मेडिक्लेमने त्या ओपीडीचा एक रुपयाही दिलेला नाही.